लघवीतून रक्त, पण रक्तातून स्टेज?

पत्र, थोडक्यात: वडील ७१ वर्षांचे, वजन ५८ किलो, चाळीस वर्षं विडी. दोन महिन्यांत तीनदा लघवीतून लाल रक्त गेलं, दुखलं काहीच नाही. गेल्या आठवड्यात गुठळ्यांनी लघवी अडली. तालुक्याच्या दवाखान्यात नळी घातली. तेव्हा ताप होता, अँटिबायोटिक चालू केलं. सोनोग्राफीत लघवीच्या पिशवीच्या डाव्या भिंतीवर २.८ सेंटिमीटरची गाठ आणि ‘डाव्या किडनीला सौम्य सूज’ असं लिहिलंय. त्याच दिवशीचा रक्ताचा रिपोर्ट: हिमोग्लोबिन ९.८, पांढऱ्या पेशी १३,२००, न्यूट्रोफिल ७८, लिम्फोसाइट १९, प्लेटलेट ३ लाख ४० हजार, क्रिएटिनिन १.३. मेव्हण्यांनी एक व्हिडिओ पाठवला. त्यात म्हटलंय की एनएलआर (न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तर) ३ च्या वर गेला म्हणजे कॅन्सर पिशवीच्या स्नायूत उतरला. आमचा ४.१ येतो. लॅबवाले ट्यूमर मार्करचं पॅकेज करा म्हणतात. वडील म्हणतात, चिरफाड नको, रक्तावर काय कळतं ते बघा. रक्तावरून स्टेज कळत असेल तर दुर्बिणीचं ऑपरेशन टाळता येईल का? – एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर:

टाळता येणार नाही. ४.१ या आकड्यावरून कॅन्सर स्नायूत उतरला असंही म्हणता येत नाही. मात्र तुम्ही पाठवलेल्या त्याच कागदांवर दोन नोंदी आहेत ज्यांच्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाही: डाव्या किडनीची सूज आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.३. आज धावपळ करायची असेल तर ती या दोन गोष्टींसाठी करा.

त्याआधी एक तातडीची गोष्ट. वडिलांना अजून थंडी वाजून ताप येत असेल, डाव्या कुशीत दुखत असेल किंवा लघवीचं प्रमाण घटलं असेल, तर हे उत्तर पुढे वाचत बसू नका. लघवी अडलेल्या किडनीत जंतुसंसर्ग झाला तर तो काही तासांत रक्तात पसरू शकतो. अशा वेळी नुसतं अँटिबायोटिक पुरत नाही, अडलेली लघवी मोकळी करावी लागते: पाठीतून किडनीत नळी घालून किंवा आतून स्टेंट टाकून. ही सोय असलेल्या हॉस्पिटलात त्यांना आजच न्या.

आता स्टेजविषयी. या कॅन्सरची स्टेज म्हणजे गाठ भिंतीत किती खोल गेली याचं माप. घराच्या भिंतीवर वरून रंग, त्याखाली गिलावा, त्यामागे विटा, तशीच पिशवीची भिंत असते. गाठ आतल्या अस्तरापुरती असेल तर टीए, अस्तराखालच्या मऊ थरात शिरली तर टी१, विटांत म्हणजे स्नायूत गेली तर टी२, स्नायू ओलांडून बाहेरच्या चरबीत पोचली तर टी३, आणि प्रोस्टेटसारख्या शेजारच्या अवयवात किंवा ओटीपोटाच्या भिंतीत घुसली तर टी४. पहिल्यांदा निदान होतं तेव्हा साधारण चारांपैकी तिघांची गाठ स्नायूच्या अलीकडेच असते. टी१ आणि टी२ यांच्यात काही मिलिमीटरचं अंतर असतं, पण उपचार पूर्ण बदलतात. अलीकडे असेल तर गाठ खरवडून काढून पिशवीत बीसीजीसारखं औषध सोडतात. पलीकडे असेल तर केमोथेरपी आणि पिशवी काढणं, किंवा निवडक रुग्णांत पिशवी राखून केमो आणि रेडिएशन. ते काही मिलिमीटर दंडातून काढलेल्या रक्तात मोजता येत नाहीत. रक्त पुष्कळ काही सांगतं, पण ते सगळ्या शरीराचं सांगतं.

एनएलआर म्हणजे न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट; दोन्ही पांढऱ्या पेशींच्याच जाती. ७८ ला १९ ने भागलं की ४.१, तुमचा हिशेब बरोबर आहे. या आकड्यावर संशोधन झालेलं आहे, ती काही थाप नव्हे. गाठ मोठी आणि आक्रमक असते तेव्हा ती शरीरात दाह पेटवते. त्यातून निघणारे रासायनिक संदेश अस्थिमज्जेला न्यूट्रोफिल वाढवायला लावतात, आणि आजारपणाच्या ताणात कॉर्टिसॉल वाढून लिम्फोसाइट घटतात. म्हणून खोल गाठी असलेल्या रुग्णांच्या गटाची सरासरी वरवरच्या गाठी असलेल्या गटापेक्षा जास्त निघते. घोळ होतो तो गटाची सरासरी एका माणसाला लावताना.

तुमच्या वडिलांपुरतं बघा. रक्त काढलं त्या दिवशी ताप होता, लघवी तुंबली होती, नुकतीच नळी घातली होती. पांढऱ्या पेशी १३,२०० आहेत, म्हणजे शरीर जंतूंशी झगडत होतं. अशा दिवशी कॅन्सर अजिबात नसलेल्या माणसाचाही एनएलआर ४, ६, अगदी ८ येऊ शकतो. न्यूट्रोफिल रक्तात काही तासच टिकतात, त्यामुळे हा आकडा सकाळ-संध्याकाळ बदलतो. दम्यासाठी स्टेरॉइडचं एखादं इंजेक्शन घेतलं असेल तरी तो काही तासांत चढतो. वयाबरोबर लिम्फोसाइट मुळातच थोडे घटतात, विडीने न्यूट्रोफिल वाढतात. सत्तरीतल्या विडी ओढणाऱ्या माणसाला ३ ची रेघ लावली की निम्मं गाव पलीकडे जाईल. आणि ती रेघ तरी कुठे ठरलेली आहे? एका अभ्यासात दोनच्या आसपास, दुसऱ्यात अडीच, तिसऱ्यात तीनच्या वर. बहुतेक ठिकाणी आधी जुन्या रुग्णांचे आकडे गोळा केले आणि त्यांतच सगळ्यांत छान दिसेल अशी रेघ ओढली. ती रेघ दुसऱ्या गावच्या रुग्णांना लावली की सरकते.

एक हिशेब करू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. अशी गाठ असलेली १०० माणसं घ्या, त्यांत २५ जणांची गाठ स्नायूत गेलेली. एखादी रक्तचाचणी त्या २५ पैकी ६० टक्के पकडते आणि उरलेल्या ७५ पैकी ३५ टक्क्यांना उगाच दोषी धरते असं माना. म्हणजे १५ खरे आणि २६ खोटे. ‘स्नायूत गेला’ असा शिक्का ४१ जणांवर बसला, त्यांतल्या २६ जणांचं काहीच तसं नव्हतं. उलट ‘तुम्ही सुटलात’ असं ज्या ५९ जणांना सांगितलं, त्यांतल्या १० जणांची गाठ खरोखर स्नायूत होती. या चाचणीवर पिशवी काढायची की ठेवायची हे कोण ठरवेल? म्हणूनच युरोपियन युरॉलॉजी असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांत स्टेज ठरवायला एनएलआर वापरा असं म्हटलेलं नाही.

याच कुळातले बाकीचे आकडेही लवकरच तुमच्या फोनवर येतील, म्हणून एवढं माहीत असू द्या. एसआयआय म्हणजे एनएलआर गुणिले प्लेटलेट. पण महिनोन्‌महिने रक्त जाऊन लोह कमी झालं की प्लेटलेट आपोआप वाढतात. डी रिटिस गुणोत्तर म्हणजे एएसटी भागिले एएलटी, यकृताच्या तपासणीतली दोन एन्झाइम. ते मुळात १९५७ च्या सुमारास यकृताच्या आजारासाठी पुढे आलं. दारूने ते वाढतं, आणि म्हातारपणी एएलटी खाली गेल्यानेही वाढतं. सीआरपी आणि फायब्रिनोजेन हे दाह दाखवणारे आकडे तापात वर जाणारच.

लॅबच्या पॅकेजवर पैसे घालू नका. सीईए, सीए १९-९, सीए १२५ हे मार्कर, म्हणजे काही कॅन्सरांत रक्तात वाढणारे पदार्थ, त्यात असतील. पसरलेल्या आजारात ते कधी कधी वाढतात, पण टी१ आणि टी२ यांत फरक करत नाहीत. धूम्रपान करणाऱ्यांत सीईए तसाही थोडा जास्त असतो. सीए १९-९ काविळीत वाढतो, आणि काही लोकांचं शरीर तो जन्मतःच बनवत नाही. पॅकेजमध्ये बहुधा पीएसए पण असेल. तो प्रोस्टेटचा, पिशवीचा नव्हे. नळी आणि जंतुसंसर्ग यांनी तो चांगलाच फुगतो, आणि आता जास्त आला तर घरात नव्या कॅन्सरची भीती शिरेल. तो करायचाच झाला तर सगळं शांत झाल्यावर सहा-आठ आठवड्यांनी करा. प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडची गोळी सहा महिन्यांहून जास्त चालू असेल तर येणारा आकडा खऱ्याच्या साधारण निम्मा असतो, हे डॉक्टरांना सांगा.

रक्तात तरंगणारे गाठीच्या डीएनएचे तुकडे शोधणारी महागडी चाचणीही आता आली आहे. ती बिनकामाची नाही. पिशवी काढल्यानंतर कुठे आजार उरलाय का आणि पुढे इम्युनोथेरपी कुणाला द्यायची, यासाठी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या आयएमव्हिगोर०११ या अभ्यासात तिचा उपयोग दिसला. पण ती वेळ ऑपरेशननंतरची. तुम्ही अजून ऑपरेशनच्या अलीकडे आहात.

आता क्रिएटिनिन. १.३ समोर लॅबने बहुधा खूण केलेली नसेल, कारण अनेक लॅबच्या छापील मर्यादेत ते बसतं. पण ती मर्यादा धडधाकट तरुणालाही तीच आणि ५८ किलोच्या म्हाताऱ्यालाही तीच. म्हाताऱ्या माणसाचे स्नायू झिजलेले असतात, क्रिएटिनिन मुळात कमी तयार होतं. म्हणून किडनी अर्धी मंदावली तरी आकडा सभ्य दिसतो. घरी हिशेब करता येतो. १४० मधून वय वजा करा, त्याला वजनाने गुणा, आणि ७२ गुणिले क्रिएटिनिन यांनी भागा. १४० वजा ७१ म्हणजे ६९. ६९ गुणिले ५८ म्हणजे ४००२. ७२ गुणिले १.३ म्हणजे ९३.६. भागाकार ४२.८. ही मिनिटाला किती मिलिलिटर रक्त किडनी साफ करते त्याची अंदाजे मोजणी.

ती महत्त्वाची का? गाठ स्नायूत गेलेली निघालीच तर पिशवी काढण्याआधी सिस्प्लॅटिन असलेली केमो देण्याची पद्धत आहे, आणि सिस्प्लॅटिनसाठी किडनीचा हा आकडा साधारण ६० लागतो. काही ठिकाणी ५० च्या वर असेल तर डोस विभागून देतात. ४३ वर सहसा देत नाहीत. त्याऐवजी कार्बोप्लॅटिन देऊन काम भागतं असंही नाही, दोन्हींची ताकद या कामात सारखी नाही. बघा, स्टेज सांगत नसला तरी उपचाराचा एक अख्खा दरवाजा उघडा राहील की बंद होईल हे हाच आकडा ठरवतो. कमी ऐकू येणं, हातापायांना मुंग्या, हृदयाचा अशक्तपणा यांपैकी काही असेल तर तेही आत्ताच सांगून ठेवा, कारण सिस्प्लॅटिनच्या आड तेही येतं.

दिलासा असा की तो १.३ लघवी तुंबलेल्या दिवशीचा आहे. नळीतून लघवी मोकळी वाहू लागली की चार-सहा दिवसांनी क्रिएटिनिन पुन्हा करा. १.० वर आलं तर हिशेब ५५ च्या पुढे जातो, ०.९ वर आलं तर ६० ओलांडतो. तोवर डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या दुखण्याच्या गोळ्या देऊ नका. मेडिकलवाल्याने सहज पुडीत बांधून दिलेली एक गोळीही अशा किडनीला जड जाते. गावठी जडीबुटीचं पण तेच.

त्याच दिवशी सोनोग्राफीही पुन्हा करायला सांगा, नळीतून पिशवी रिकामी केल्यावर. प्रोस्टेटने किंवा गुठळीने लघवी तुंबली की सहसा दोन्ही किडन्या फुगतात आणि पिशवी रिकामी झाली की ओसरतात. तुमच्या रिपोर्टात सूज एकाच बाजूला आहे, आणि गाठही त्याच बाजूच्या भिंतीवर. पिशवी रिकामी होऊनही डावीकडची सूज राहिली, तर गाठ मूत्रवाहिनीच्या तोंडाशी आहे किंवा भिंतीत खोल शिरून तिला आवळतेय अशी शंका घ्यावी लागते. तोंडावर बसलेली वरवरची गाठही वाट अडवू शकते, म्हणून हा पुरावा नव्हे. पण खोलीचा अंदाज बांधायला ही एक ओळ तुमच्या एनएलआरपेक्षा कितीतरी वजनदार आहे, आणि युरॉलॉजिस्ट रिपोर्टात पहिल्यांदा तीच शोधतो.

रक्ताच्या बाकी तपासण्यांत हिमोग्लोबिन ९.८ आहे. कमी हिमोग्लोबिन आणि पुढची स्टेज यांचं नातं अभ्यासांत दिसतं, पण वरवरची फुलकोबीसारखी गाठही भरपूर रक्त घालवते. त्यावरून स्टेज काढू नका. फेरिटिन करून लोह भरून काढा, आणि भुलेसाठी किती हवं ते भूलतज्ज्ञांना विचारा. रक्तगट तपासून ठेवा. अल्ब्युमिन म्हणजे रक्तातलं प्रथिन ३.५ च्या खाली असेल तर मोठं ऑपरेशन अंगावर येतं, त्यामुळे अंडी, डाळी, दूध आत्तापासून वाढवा; किडनीचं बघून डॉक्टरांना विचारूनच. अल्कलाइन फॉस्फेटेज जास्त आलं किंवा हाडं दुखत असली तर हाडांचा स्कॅन करायला सांगतात. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका, विशेषतः हृदयात स्टेंट असेल तर. आणि गोळीमुळेच रक्त गेलं असं कुणी म्हटलं तरी तपासणी सोडू नका. गोळी रक्तस्राव वाढवते, गाठ निर्माण करत नाही.

स्कॅन दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या आधी करून घ्या. गाठ खरवडल्यावर भिंत सुजते, आणि सुजेला गाठ समजण्याची चूक होते. सीटी युरोग्राफीत वरच्या मूत्रवाहिन्या, किडन्या आणि लसिकाग्रंथी दिसतात, पण टी१ की टी२ हे तिला सांगता येत नाही. त्यासाठी पिशवीचा एमआरआय जास्त उपयोगी. त्यात स्नायूत शिरकाव झाल्याची शंका १ ते ५ गुणांनी मांडतात. व्हाय-रॅड्स नावाची ही पद्धत २०१८ पासून आहे. तो करायचा तर पिशवी मध्यम भरलेली लागते, म्हणून नळी असेल तर आधीच विचारून ठेवा. सीटीला डाय लागतो. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची ते क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट दाखवून विचारा.

वडिलांना सांगा की दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोट फाडत नाहीत, टाकेही नसतात. लघवीच्या वाटेने दुर्बीण जाते, बहुधा कमरेत इंजेक्शन देऊन. एक ते तीन दिवस दवाखान्यात. हेच ऑपरेशन तपासही आहे आणि उपचारही: गाठ निघते आणि स्टेज कळते. पण ते नीट झालं नाही तर स्टेज कळत नाही, म्हणून सर्जनला आधी दोन गोष्टी विचारा.

पहिली: गाठीच्या बुडाचा, स्नायूसकट तुकडा वेगळ्या बाटलीत पाठवणार ना? गाठ एका बाटलीत, बूड दुसऱ्यात. दुसरी: गाठ बाजूच्या भिंतीवर आहे, मांडीच्या नसेला झटका बसू नये म्हणून काय करणार? त्या भिंतीमागून मांडी जवळ ओढणारी नस जाते. विजेच्या तारेने कापताना तिला धक्का लागला की मांडी एकदम उडते आणि भिंतीला भोक पडू शकतं. त्या नसेत बधिरीचं इंजेक्शन देणं, पूर्ण भूल देऊन स्नायू सैल करणं, बायपोलर यंत्र वापरणं, असे उपाय आहेत. प्रश्न ऐकून कुणी चिडला तर दुसरीकडे जायला हरकत नाही.

आपल्याकडे तुकड्याच्या बाटल्या बहुतेकदा नातेवाइकांच्याच हातात देतात. बाटलीत फॉर्मालिन आहे ना बघा, सलाइन किंवा पाणी नव्हे. ते तुकड्याच्या निदान दहापट हवं. दोन्ही बाटल्यांवर नाव, तारीख, कुठला तुकडा हे लिहिलेलं असावं. फ्रीजमध्ये ठेवू नका, त्याच दिवशी पोचवा, आणि सगळं एकाच पॅथॉलॉजिस्टकडे द्या. तुकडे दोन लॅबमध्ये वाटून दिले तर दोघांनाही अर्धंच चित्र दिसतं.

रिपोर्टमध्ये लो ग्रेड की हाय ग्रेड (म्हणजे पेशी कमी आक्रमक की जास्त), सोबत सीआयएस म्हणजे सपाट पसरलेला कॅन्सर आहे का, आणि खाली डेट्रुसर किंवा मस्क्युलॅरिस प्रोप्रिया म्हणजे पिशवीच्या स्नायूविषयीची ओळ, या तीन गोष्टी शोधा. शेवटची ओळ नीट वाचा. ‘स्नायू तुकड्यात आहे आणि त्यात कॅन्सर नाही’ ही चांगली बातमी. ‘तुकड्यात स्नायू आढळला नाही’ ही बातमीच नव्हे. त्याचा अर्थ स्नायू तपासलाच गेला नाही एवढाच होतो, आणि लोक नेमके त्यावर पेढे वाटतात. मस्क्युलॅरिस म्यूकोजी हा वेगळा, वरचा पातळ धागा आहे; त्यात कॅन्सर दिसला तर ती टी१ असते, टी२ नाही. नावं सारखी असल्यामुळे इथे घरातले फसतात.

रिपोर्ट टी१ आला, किंवा हाय ग्रेड असून स्नायू तुकड्यात नसला, तर दोन ते सहा आठवड्यांत त्याच जागी पुन्हा दुर्बीण करावी लागते. पहिल्या डॉक्टरचं चुकलं असा त्याचा अर्थ नसतो, ती ठरलेली पद्धत आहे. पहिल्या वेळी स्नायू मिळालाच नसेल तर टी१ म्हटलेल्या रुग्णांतल्या बऱ्याच जणांची गाठ दुसऱ्या वेळी स्नायूत गेलेली सापडते. स्नायूत गेलेली निघाली, तर निदानापासून तीन महिन्यांच्या आत पिशवीचं ऑपरेशन किंवा त्याआधीची केमो मार्गी लागायला हवी. त्याहून उशीर झालेल्या रुग्णांची फलश्रुती वाईट असते. पॅकेजच्या रिपोर्टची वाट बघत घालवायला त्यात आठवडे नाहीत.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. भरती होण्याआधी रेशनकार्ड, आधार आणि सोनोग्राफी घेऊन त्यांना भेटा. मंजुरी आधी घ्यावी लागते, नंतर बिल दाखवून चालत नाही.

घरी आल्यावर दहा-बारा दिवसांनी खपली सुटते तेव्हा पुन्हा थोडी लाल लघवी होते. पाणी वाढवलं की बहुधा थांबते. गुठळ्या येऊन धार अडली तर मात्र लगेच दवाखाना. दुसरं मत घ्यायचं असेल, मग ते परळच्या टाटा मेमोरियलचं असो की जवळच्या मेडिकल कॉलेजचं, नुसता छापील रिपोर्ट नेऊन भागत नाही. पॅथॉलॉजी लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक दोन्ही मागून घ्या, सही करून, नंबर ताडून. मोटारसायकलच्या डिकीत उन्हात ठेवू नका, मेण वितळतं.